शंका आली की पाणी

आमच्या घरात बंदूक आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आले, देवाला नमस्कार केला आणि मान वर केली, तर देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी ठेवलेली. मी दचकले. सासूबाई म्हणाल्या, "तिलाही हात जोड गो. ती हाय म्हणून आपल्या ताटात आपला भात हाय."

त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. रोज पूजा झाली की एक फूल तिलाही वाहते. दसऱ्याला तर ती पाटावरच बसते.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. घरामागे पऱ्या वाहतो, पऱ्यापलीकडे आमचं भाताचं शेत आणि शेताला लागून रान. डुकरं रात्रीची येतात, त्यांना कुंपण घालता येतं. वानरांना कुंपण नाही. भात पोटरीला आलं की पन्नास-साठांची टोळी सकाळी दहा-साडेदहाला ऐनाच्या झाडांवरून उतरते आणि बांधामागून बांध ओरबाडत जाते. खातात थोडं, मोडतात फार. म्हणून यांच्या वडिलांनी शेतीच्या रखवालीचा परवाना काढला होता, तो पुढे यांच्या नावावर आला. हे म्हणजे माझे यजमान. वाडीत त्यांना महिपतदादा म्हणतात.

बंदूक ठासणीची आहे. तयार काडतूस घालून उडवायची नव्हे. प्रत्येक बार घरी हाताने भरावा लागतो. नळीच्या तोंडातून मोजून दारू घालायची, वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजाने ते ठासायचं. दारू पेटवणारी टोपी मात्र शेतावर पोचल्यावरच बसवायची, त्याशिवाय ती उडत नाही. हे छरे घालत नाहीत. मारुतीरायाच्या लेकरांवर शिसं टाकायचं नाही, नुसता आवाज करायचा, असं यांच्या वडिलांनीच ठरवलेलं. आणि शनिवारी तोही नाही. वानरांना वार कसे कळतात देव जाणे, पण शनिवारी ती निवांत बांधावर येऊन बसतात. मी त्याच सकाळी मारुतीला तेल घालून परत येत असते. आम्ही एकमेकांकडे बघतो. काय बोलणार.

शेजारचा आत्माराम म्हणतो, "महिपतदादा, तुज्या या पूजाअर्चेपेक्षा माजा सुतळी बाँब बरा. काडी लावली, सुटलो." त्याचे सुतळी बाँब वानरांनी चार दिवस ऐकून घेतले. पाचव्या दिवशी ती जागची हलली नाहीत. ठासणीचा आवाज वेगळा, तो जमिनीतून येतो आणि डोंगराला जाऊन परत येतो. गेली तीन वर्षं आत्मारामाचं शेत ओसाड आहे, पुरुषभर गवत माजलंय. पण बोलायचं तो सोडत नाही.

आमच्याकडे बार भरताना कुणी बोलत नाही. हा नियम माझ्यामुळे झाला.

लग्नानंतरचा पहिला भादवा. थोरले भावोजी, म्हणजे यांचे मोठे भाऊ, मागच्या पडवीत बार भरत होते. मी चुलीपाशी होते. चहा उकळला आणि नव्या नवरीच्या उत्साहात मी आतून हाक मारली, "भावोजी, चहा झाला." ते उठून आले, चहा प्यायले, छान झालाय म्हणाले. परत जाऊन बसले तेव्हा दारू घातलेली आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांनी ती पुन्हा घातली. शेतावर नळी फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि एक कान कायमचा गेला.

भावोजींनी मला शेवटपर्यंत बोल लावला नाही. उलट कुणाकडे चहा घेतला की म्हणायचे, "तुळसाच्या हातची सर नाय." ते असं म्हणाले की मी आत निघून जायची. तेव्हापासून मी कुणाला लांबून हाक मारत नाही. जवळ जाऊन उभी राहते, माणसाने बघितलं की मग बोलते.

नळी नवी बसवली, कागदावर तशी नोंद झाली, आणि बंदूक यांच्या हातात आली. यांनी नियम घातले. बार मागच्या पडवीत भरायचा, त्या अंगाला चूल-दिवा पेटता नको, मूल घरात नको, बोलणं नको. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या हवा. भरताना एवढीशी जरी शंका आली तरी अंदाज करायचा नाही. तांब्या सरळ नळीत ओतायचा आणि तो बार गेला म्हणायचं. "शंका आली की पाणी," हे म्हणतात. त्या तांब्यातलं पाणी मी रोज सकाळी बदलते. माझ्या आठवणीत तो दोनदाच ओतला गेला. 

दोन वर्षांमागे यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. देवरूखच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंप थोडा कमी झाला, गेला नाही. त्याच हंगामात एका सकाळी दारूचं माप नळीच्या तोंडापर्यंत गेलं आणि निम्मी दारू सारवलेल्या जमिनीवर सांडली. हे बराच वेळ त्या काळ्या भुकटीकडे बघत बसले. मग गज पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "ज्याचा हात सांडतो त्याने ठासू नये." तो हंगाम आम्ही डबे वाजवून काढला. वानरांनी निम्मं भात नेलं.

आता आमच्या सुनेबद्दल. दीपाली मंडणगडकडची. लग्नानंतर सहा वर्षं ती आमच्या मुलाबरोबर, संदेशबरोबर, मुंबईकडे दिव्याला एका खोलीत राहिली. सासऱ्यांचा हात असा झाला म्हणून दोन वर्षांपूर्वी महिनाभरासाठी आली, आणि लेकीला, आरोहीला, वाडीच्या शाळेत घालून इथेच राहिली. आल्या आल्या तिने पऱ्याकडचे तीन पडके बांध स्वतः घातले. लावणीला पुढे असते. बोलते कमी, पण जे बोलते ते नेमकं. एकदा संदेशने फोनवर विचारलं, तुला तिथे काय एवढं ठेवलंय. मी जवळच भाजी निवडत होते. ती म्हणाली, "तिकडे मी दोन दिवस घरातून बाहेर पडले नाय तरी कुणाला कळायचं नाय. इकडे मी अर्धा दिवस शेतावर गेले नाय तर वानरांना पण कळतं."

गेल्या गणपतीला संदेश आला. गौरीच्या जेवणानंतर त्याने विषय काढला. परवान्याची मुदत महिन्याअखेर संपणार होती.

"बाबा, तुमचा हात असा. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून टाका. बंदूक गेली की शेत ठेवूनही उपयोग नाय. दीपालीला आणि आरोहीला मी घेऊन जातो. तुम्ही दोघं पण चला."

 दीपाली ताटं उचलत होती. ताट हातात तसंच धरून म्हणाली, "मी भरते ना बार."

संदेश हसला. "अगो, कुकरची शिटी झाली तर लांब उभी राहतेस तू."

"कुकरला घाबरते. बंदुकीला अजून हात लावून बघितलेला नाय."

खरं म्हणजे परवान्यावर रखवालीसाठी घरातलं दुसरं माणूस म्हणून तिचं नाव यांनी आदल्या वर्षीच लावून घेतलं होतं, पण ते कागदापुरतं. यांनी सुपारी कातरायचा अडकित्ता खाली ठेवला. हल्ली तोही त्यांना नीट धरवत नाही.

"दहा बार," हे म्हणाले. "माज्यासमोर, ओळीने दहा, एकही न चुकता. मग परवाना तिच्या नावावर करायला मी सही देतो. एक जरी चुकला तरी बंदूक जमा. मग तू म्हणशील तसं."

संदेशने बायकोकडे बघितलं. त्याला वाटलं असावं की विषय मिटला. दीपाली म्हणाली, "चालेल," आणि ताटं घेऊन मोरीकडे गेली.

पहिले आठ दिवस यांनी तिला दारूचा डबा उघडूसुद्धा दिला नाही. दारूच्या जागी नाचणी. आरोही शाळेत गेली की मागच्या पडवीत घोंगडी अंथरायची, बंदूक, गज, माप, काथ्या, तांब्या मांडायचा, आणि नाचणीचा बार भरायचा. भरून झाला की नळी उलटी करून नाचणी परत सुपात. मी दुसऱ्या टोकाला बसून माझी लाखोलीची फुलं मोजायची आणि बघायची.

तिच्या चुका व्हायच्या. काथ्या घालायच्या आधीच गज घेतला. एकदा सगळं नीट केलं आणि गज नळीतच राहिला. हे म्हणाले, "छान. आता टोपी लाव. गज आत्मारामाच्या कौलात सापडेल. तसं काय वाईट नाय, पण दुसरा गज कुठून आणायचा?"

ती हसली नाही. गज काढला, नाचणी ओतली, पुन्हा पहिल्यापासून. एका सकाळी ती अशी सतरा वेळा पहिल्यापासून गेली. कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर चिडचिड म्हणून नाही. मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. जपमाळ हातात घेतली की मन कुठल्या कुठे जायचं, आणि मेरुमणी आला की कळायचं की आपण नाम घेतलंच नाही. तेव्हा सासूबाई म्हणायच्या, मोजणं मनावर सोडू नये, बोटांवर सोडावं.

म्हणून मी तिला चिंचोके दिले. त्या वर्षी माझी पारिजातकाच्या फुलांची लाखोली चालू होती. चातुर्मासात देवाला एक लाख फुलं वाहायची. पहाटे झाडाखालची फुलं वेचायची, सगळी कामं आवरली की पडवीत बसून मोजायची, शंभर झाली की एक चिंचोका वाटीत टाकायचा. मोजायला बसल्यापासून फुलं देवापुढे जाईपर्यंत मौन. चिंचोक्यांचा ढीग माझ्या उजव्या हाताला असायचा.

दीपालीसमोर मी दोन वाट्या ठेवल्या. डावीकडच्या वाटीत चार चिंचोके. नळी पुसून ती रिकामी आहे हे गज घालून बघितलं की पहिला चिंचोका उजव्या वाटीत. दारू घातली की दुसरा. काथ्या घातला की तिसरा. ठासून, गजावरची खूण बघून, गज बाहेर काढून ठेवला की चौथा. डावी वाटी रिकामी झाली म्हणजे बार भरला.

"आता बंदुकीचीपण लाखोली करणार काय?" हे म्हणाले. त्या दिवशी तिचा एकही नाचणीचा बार चुकला नाही. दुसऱ्या दिवशी मी वाट्या मांडायला विसरले, तर यांनीच विचारलं, "चिंचोके कुठं हायत?"

मग खरी दारू. पहिल्या बाराचा दिवस. दीपालीने पदर खोचला, बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या, घोंगडीवर मांडी घातली आणि डोळे मिटून एक श्वास घेतला. बस्स, एवढंच. पुढचं सगळं तिचे हात करत होते. दारूचं माप तिने काठोकाठ भरलं आणि कागदाच्या कडेने वरचं सपाट केलं. मी निरांजनात तूप घालताना इतकं जपून घालत नाही. दारूचा एक कण जमिनीवर पडला नाही. काथ्या विंचरून, गोळा करून, बोटांनी दाबून बघून मग नळीत. गजाचे ठोके मोजून, सारख्या हाताने. हे भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, डोळे तिच्या हातावर. चौथा चिंचोका वाजला तेव्हा यांनी गज घालून खूण स्वतः बघितली आणि मान हलवली.

दोघं पऱ्या ओलांडून शेतावर गेली. मी पडवीतून बघत होते. ती बांधावर उभी राहिली, टोपी बसवली, नळी रानाच्या वर धरली. धूर आधी दिसला, मग आवाज आला, मग डोंगराने तो परत दिला. ऐनाच्या झाडांतून टोळी वर पळाली. दीपालीच्या खांद्याला धक्का बसला असणार, पण पाय हलले नाहीत.

परत येताना आत्माराम वाटेत उभा होता. "काय सूनबाय, नेम कुठं धरला होतास?"

"तुमच्या सुतळी बाँबावर, काका."

त्याच संध्याकाळी तो बायकोला सांगत होता म्हणे, पोर तिखट हाय.

दुसरा, तिसरा, चौथा. मधला शनिवार सोडला. पाचव्या बाराला यांनी मुद्दाम मध्येच खोकून बघितलं, तिने मान वर केली नाही. सातव्याला पाऊस होता, म्हणून तिने काथ्या आदल्या दिवशीच चुलीवरच्या शिंकाळ्यात सुकवून ठेवला होता. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. नववा झाला तेव्हा संदेशचा फोन आला. "किती झाले?" त्याने विचारलं. "नऊ," ती म्हणाली.  मग तो म्हणाला, "बरं," आणि आरोहीच्या शाळेचं विचारत बसला.

शेतात भात आता निसवलं होतं. कणसं अजून उभी होती. मी पहिल्यांदाच देवाकडे बंदुकीसाठी काही मागितलं. मागताना थोडी लाज वाटली.

दहावा बार बुधवारी होता. आरोही शाळेत गेली, मी तांब्यातलं पाणी बदललं, वाट्या मांडल्या आणि फुलं मोजायला बसले. ऊन माझ्या बाजूला येत होतं म्हणून मी रोजच्यापेक्षा आत, दीपालीच्या जवळ सरकले होते. तिने नळी पुसली, गज घालून बघितला, पहिला चिंचोका उजव्या वाटीत गेला. माप भरलं, सपाट केलं, नळीत रिकामं केलं. दुसरा चिंचोका.

तेवढ्यात आत्माराम घराला वळसा घालून थेट मागच्या दारी आला. "महिपतदादा, अरे रेशनवर गहू आलेत, लाईन लागली हाय, आणि तू इथं." त्याचा आवाज पऱ्यापलीकडे जाईल असा. दीपालीची मान वर झाली. माझीही. यांनी हात वर करून त्याला गप्प केलं, उठले आणि दंडाला धरून त्याला पुढच्या अंगणात घेऊन गेले.

मी आत्मारामाकडे बघत होते. बोटं आपली मोजतच होती, शंभरावं फूल झालं होतं, आणि माझा हात उजवीकडे गेला, चिंचोका घेतला, माझ्या वाटीत टाकला. चाळीस वर्षांच्या सवयीचा हात तो, त्याला डोळे लागत नाहीत.

दीपालीने मान खाली केली. उजव्या वाटीत एक चिंचोका. डाव्या वाटीत दोन. रिकामं माप जमिनीवर. दारूच्या डब्याचं झाकण लावलेलं, ती ते नेहमीच लगेच लावते.

तिने वाट्यांकडे बघितलं, मग घोंगडीवर, मग मांडीखाली हात फिरवून बघितलं. चिंचोका कुठेच नव्हता. तिने माप हातात घेतलं. डब्यावर दुसरा हात ठेवला.

तेव्हा मला माझा ढीग दिसला. मी आत सरकले होते, आणि ढीग सुपामागे राहिला होता. मी हात घातला होता तो तिच्या वाटीत.

मला सगळं आठवलं. चूल, चहा, भावोजी, ती हाक. तोंड उघडलं, पण शब्द येईना. मौनामुळे नव्हे. आपण पुन्हा तेच केलं, या धास्तीने.

दीपालीने माप उपडं ठेवलं. डब्यावरचा हात काढला. तांब्या उचलला आणि अजिबात घाई न करता पाणी नळीत ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत. मग बंदूक पडवीच्या कडेला नेऊन उलटी धरली. अळवावर काळं पाणी पडलं.

"चिंचोका मी घेतला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "दारू तू घातली होतीस. मी बघितलं होतं. माज्या हातून झालं गो हे."

ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच. "आई, तुम्ही मौनात होतात."

"मोडलं ते."

हे परत आले तेव्हा आम्ही दोघी तशाच उभ्या. यांनी अळवाची काळी पानं बघितली, रिकामा तांब्या बघितला. मी सांगायला लागले तर हात वर करून मला थांबवलं आणि तिला विचारलं, "तांब्या उचललास तेव्हा दारू घातलेली माहीत होतं?"

"माहीत नव्हतं."

"वाटत काय होतं?"

"घातली असं वाटत होतं. पण नुसतं वाटत होतं." मग म्हणाली, "दहावा चुकला, बाबा. मी संदेशला फोन करते."

हे भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. थरथरणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. पलीकडून वानरांचा हुप्प ऐकू आला. साडेदहा झाले होते. आज त्यांना कुणी अडवायला येणार नव्हतं.

"दादाला पण वाटलंच होतं," हे म्हणाले. "दारू घातलेली नाय, असं वाटलं होतं. प्यायच्या पाण्याचा तांब्या तेव्हा पण पडवीतच होता."

मग हे दीपालीकडे वळले.

"नऊ बार भरलेस ते हाताने. ते कुणालाही शिकवता येतं. दहावा शंकेचा, तो भरायचा नसतो, हे मी तुला सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे बघून जरा हसले. "तिला शंका यावी म्हणून मी खोकून बघितलं, काय उपयोग झाला नाय. हिनं आणि आत्मारामानं मिळून बरोबर केलं."

दीपाली पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढ्यात हे म्हणाले, "संदेशला दहा झाले म्हणून सांग. आणि रडून झालं की फडकं घे, नळी सुकव, तेलाचं बोट फिरव. ओली ठेवलीस तर मात्र खरंच चुकलीस."

बंदूक नीट सुकवून, तेल देऊन खुंटीवर जायला दुपार झाली. तोवर वानरांनी पऱ्याकडचा एक अख्खा बांध फस्त केला. दीपाली चार वेळा उठून तिकडे बघून आली. हे म्हणाले, "खाऊ देत. आज त्यांना शनिवार."

माझ्या फुलांचं काय करायचं हा प्रश्न होता. सहा चिंचोके झाले होते, की पाच आणि एक तिचा, याचा हिशेब मांडता आला असता. फार अवघड नव्हतं. पण मी त्या दिवशीची सगळी फुलं सुपासकट उचलली आणि पऱ्यात सोडली. केशरी देठांची फुलं दगडांमधून फिरत खाली गेली. लाखोली एक दिवस उशिरा पूर्ण झाली. देवाने काही विचारलं नाही.

परवाना दीपालीच्या नावावर करायच्या कागदांवर सह्या करताना दुसरीच गंमत. यांची सही जुन्या सहीशी जुळेना, हात असा. शेवटी दोन साक्षीदार घेऊन अंगठा लावला. साक्षीदार म्हणून आत्माराम आला, नवा सदरा घालून, आणि सगळ्यांना सांगत होता की सूनबायची परीक्षा त्यानेच घेतली.

रत्नागिरीला कचेरीत दीपाली आणि हे दोघंच गेले. टेबलामागच्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून बघितले, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि यांना विचारलं, "बाईंना ठासणीची बंदूक भरता येते का?"

हे उत्तर द्यायला लागले होते. पण दीपालीने त्यांच्याआधीच सांगितलं.

"येते, साहेब. भरलेली रिकामी करतापण येते."

साहेबांना त्यात काय कळलं कोण जाणे. हे मात्र घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मला ते सांगत होते. अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी ऐकत बसते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्यातलं पाणी बदलते.